घरांतील शास्त्र : टेलिफोनची नाजूक किल्ली आणि विजेचा लोंढा

वळिवाचा पहिला गडगडाट ऐकूं आला कीं अनेक घरांतून एक लहानसा वाद हटकून उपस्थित होतो. आजोबा म्हणतात, ‘टेलिफोनची तार भिंतींतून काढून ठेवा रे.’ कॉलेजांत जाणारा नातू म्हणतो, ‘आजोबा, आतांच्या यंत्रांत संरक्षण आंतच बसविलेलें असतें, तुमच्या वेळचें भय आतां कशाला?’ घरांतील इतर मंडळी ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणें एकेका पक्षाला मिळतात, आणि तेवढ्यांत थेंब पडूं लागल्यामुळें सर्वांचें लक्ष अंगणांतील वाळवणाकडे जाऊन वाद अर्धवटच राहतो. आमच्या मतें या वादांत दोघांचेंही म्हणणें अर्धें अर्धें खरें आहे. तें कसें, हें या लेखांत पाहूं. कारण प्रश्न केवळ एका यंत्राच्या किमतीचा नसून, कांहीं प्रसंगीं तो कानाशीं रिसीव्हर धरलेल्या माणसाच्या जिवाचाही असतो.

प्रथम टेलिफोनच्या तारेवर रोज काय चाललेलें असतें तें समजून घेऊं. घरीं येणाऱ्या तांब्याच्या दोन तारांवर एक्स्चेंजांतील बॅटरीचा सुमारें ४८ व्होल्टांचा दाब अष्टौप्रहर असतो. या बॅटरीचें धन टोंक जमिनीस जोडलेलें असून ऋण टोंक तारेकडे असतें. त्या योगानें ओलसर जमिनींतील तांबें झिजण्याचें प्रमाण कमी होतें. रिसीव्हर उचलला म्हणजे मंडल पुरें होऊन त्यांतून २० ते ४० मिलिअँपिअर इतका बारीक प्रवाह वाहूं लागतो. घंटा वाजवावयाची झाली म्हणजे मात्र या ४८ व्होल्टांवर उलटसुलट वाहणारा आणखी एक दाब चढवावा लागतो. आपल्या देशांत तो सुमारें ७५ व्होल्ट व सेकंदास २५ आवर्तनें असा असतो. हा ७५ चा आंकडा सरासरीचा; लाटेचें शिखर त्याच्या सुमारें १.४ पट, म्हणजे १०६ व्होल्टांपर्यंत जातें. बॅटरी पुरी भरलेली असतांना तिचे ५६ व्होल्ट त्यांत मिळविले कीं बेरीज १६० च्या पलीकडे जाते. ही सारी तारेवरील रोजची, न्याय्य रहदारी होय. तिला कोणीं अडवितां कामा नये. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे.

हें मंडल जोडण्याचें व तोडण्याचें काम पुष्कळ वर्षें धातूच्या स्पर्शबिंदूंनीं केलें. १८९१ सालीं ऑल्मन स्ट्राउजर नांवाच्या, प्रेतसंस्काराचा धंदा करणाऱ्या अमेरिकन गृहस्थानें स्वयंचलित एक्स्चेंजचें पेटंट घेतलें, तेव्हांपासून जगभर एक्स्चेंजांतून स्विचांचा व रिलेंचा अखंड खडखडाट चालू झाला. रिलेची रचना साधी आहे. वेटोळ्यांतून प्रवाह सोडला कीं त्याचा लोहचुंबक होतो, तो लोखंडाची जीभ ओढतो, आणि धातूचे दोन बिंदु एकमेकांस टेकतात. प्रवाह थांबला कीं ते विलग होतात व मध्यें हवा येते. अशा रिलेवर विजेचा लोंढा आला तर हवेंतून ठिणगी उडते, बिंदूवर एखादा सूक्ष्म खड्डा पडतो, आणि दुसऱ्या दिवशीं रिले पुन्हां आपल्या कामावर हजर असतो. तो आडदांड गड्यासारखा आहे. त्याला जागा अधिक लागते, त्याचा आवाज फार, त्याचे बिंदु हळूहळू झिजतात. पण मार खाण्याची त्याची शक्ति मोठी.

१९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत बार्डीन व ब्रॅटन यांनीं ट्रान्झिस्टर चालवून दाखविला, आणि १९५६ सालीं त्या दोघांस व त्यांचे सहकारी शॉक्ली यांस पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या शोधांतून पुढें जे स्विच निघाले त्यांस सॉलिड-स्टेट स्विच म्हणतात. त्यांत हलणारा असा भाग मुळींच नसतो. टेलिफोनच्या तारेस जोडलेल्या मोडेमांत रिसीव्हर उचलण्याचें काम करणारा असा एक स्विच असतो. त्याच्या पोटांत एक इवलासा दिवा, त्याच्यासमोर सिलिकॉनचे कांहीं प्रकाशघट, आणि त्या घटांच्या दाबानें उघडझांप करणारे दोन ट्रान्झिस्टर इतकाच संसार असतो. दिवा लागला कीं तारेचें मंडल जोडलें जातें, विझला कीं तुटतें. यंत्राची बाजू व तारेची बाजू यांच्यामध्यें विजेचा संबंध नाहीं. निरोप जातो तो केवळ उजेडाचा. आवाज नाहीं, झीज नाहीं, आणि आकार तुरीच्या डाळीच्या दोन-चार दाण्यांएवढा.

परंतु या गुणांबरोबर एक मोठा दोष आला. बंद असलेला रिले हवेच्या फटीवर विसंबून असतो, व फुटलेली हवा क्षणांत पुन्हां सांधते. बंद असलेला सिलिकॉनचा स्विच मात्र मिलिमीटरच्या कांहीं शतांश भागाइतक्या पातळ थरावर सारा दाब तोलून धरतो. मोडेमांतील अशा पुष्कळ स्विचांची मर्यादा ३५० किंवा ४०० व्होल्टांची असते. त्यापलीकडे दाब गेला व मागें प्रवाहाचें बळ असलें, तर तो थर एखाद्या बिंदूपाशीं तापून वितळतो. आणि सिलिकॉनचा थर एकदां वितळला म्हणजे हवेसारखा सांधत नाहीं. हें सर्व डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं घडतें. धूर नाहीं, ठिणगी नाहीं. सकाळीं टेलिफोन मुका झालेला आढळतो इतकेंच.

ही अडचण किती खरी होती, हें एक्स्चेंजांच्या इतिहासावरून चांगलें दिसतें. १९६० च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत मॉरिस या गांवीं बेल कंपनीनें प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू केलें. त्यांत बोलण्याचा मार्ग जोडण्यास धातूच्या बिंदूंऐवजीं वायूनें भरलेल्या लहान नळ्या वापरल्या होत्या. या नळ्यांस घंटेचा मोठा दाब पेलवेना. म्हणून त्या गांवच्या ग्राहकांस घंटेऐवजीं बारीक सुरानें वाजणारीं निराळीं यंत्रें द्यावीं लागलीं. एका एक्स्चेंजसाठीं घरोघरची घंटा बदलावयाची हें मोठ्या प्रमाणावर परवडणारें नव्हतें. म्हणून १९६५ सालीं न्यू जर्सींतील सकासना येथें जें पहिलें कायमचें इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज निघालें, त्याची बुद्धि ट्रान्झिस्टरांची असली तरी बोलण्याच्या मार्गावर काचेच्या नळींत बंद केलेले धातूचे बिंदुच ठेवले होते. १९८२ सालीं इलिनॉयमधील सेनेका येथें त्याच परंपरेंतील नवें एक्स्चेंज सुरू झालें, तेव्हां कोठें ग्राहकाच्या तारेपाशीं मोठा दाब सोसणाऱ्या सिलिकॉनच्या स्विचांनीं जागा घेतली. ट्रान्झिस्टरच्या जन्मापासून तारेच्या उंबरठ्यापर्यंत येण्यास सिलिकॉनला अशीं जवळजवळ पस्तीस वर्षें लागलीं.

नव्या एक्स्चेंजांत प्रत्येक ग्राहकाच्या तारेपाशीं जी एक चौकी असते, तिचीं सात कामें इंग्रजी आद्याक्षरांनीं लक्षांत ठेवण्यासाठीं इंजिनिअर मंडळींनीं ‘बोर्श्ट’ असा शब्द जुळविला आहे. बोर्श्ट हें पूर्व युरोपांतील बीटाच्या साराचें नांव. या शब्दांतील पहिलें अक्षर बॅटरीचें, आणि लगेच दुसरें अतिदाबापासून रक्षणाचें आहे. घंटेचें अक्षर तिसरें, व बोलण्याचें त्याहून पुढें. अक्षरांचा क्रम शब्द जुळण्यासाठीं असला तरी या कामांत रक्षणाचें स्थान किती वरचें आहे, हें त्यावरून सहज आठवतें. आपल्याकडे १९८४ सालीं स्थापन झालेल्या सी-डॉट संस्थेनें खेड्यांसाठीं लहान एक्स्चेंज तयार केलें, व १९८६ सालीं कर्नाटकांतील कित्तूर येथें तें सुरू झालें. वातानुकूलित खोलीवांचून, धूळ व उकाडा सोसून चालेल असें तें यंत्र होतें. आणि खांबांवरून शेतांमाळांतून येणाऱ्या लांब तारांच्या टोंकाशीं बसणाऱ्या अशा यंत्रास विजेचें भय शहरांतल्याहून अधिकच.

आतां हा लोंढा येतो कोठून? वीज प्रत्यक्ष तारेवर पडणें हा प्रकार विरळा. बहुतेक वेळां ती कांहीं अंतरावरील झाडावर किंवा माळावर पडते. परंतु तिच्या एका लोळांत सुमारें ३०,००० अँपिअरांचा प्रवाह कांहीं मायक्रोसेकंदांत चढतो. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. इतक्या झपाट्यानें चढणाऱ्या प्रवाहाभोंवतींचें चुंबकीय क्षेत्र शेजारून जाणाऱ्या लांब तारेंत कित्येक शें, प्रसंगीं हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न करतें. दुसरा प्रकार याहून सावकाश पण तितकाच घातक आहे : वादळांत घरगुती विजेची तार तुटून टेलिफोनच्या तारेवर पडते, व २३० व्होल्ट मिनिटेंच्या मिनिटें तिच्यांत शिरत राहतात. यंत्रांची परीक्षा घेण्याकरितां म्हणून ठराविक आकाराच्या कृत्रिम लाटा मुक्रर केल्या आहेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची नेहमींची लाट १० मायक्रोसेकंदांत शिखरास जाते व ७०० मायक्रोसेकंदांत निम्मी होते. अमेरिकेच्या नियमावलींत दोन तारांमध्यें ८०० व्होल्टांची, आणि तारा व जमीन यांच्यामध्यें १,५०० व्होल्टांची लाट सोडून पाहत. ३५० व्होल्टांच्या किल्लीस ही परीक्षा एकटीनें उतरणें शक्य नाहीं, हें सांगावयास नकोच.

म्हणून तिच्यापुढें रखवालदार ठेवावे लागतात. सर्वांत जुना रखवालदार म्हणजे कोळशाच्या दोन ठोकळ्या. त्यांच्यामध्यें इंचाच्या सुमारें तीन सहस्रांश एवढीच फट असे. दाब वाढला कीं त्या फटींतून ठिणगी उडून लोंढा जमिनींत जाई. वारंवार ठिणग्या पडून कोळशाची पूड फटींत सांचे, व मग बोलतांना खरखर ऐकूं येई. जुन्या मंडळींस ती आठवत असेल. त्या जागीं पुढें वायुनळी आली. चिनी मातीच्या लहानशा नळींत अरगॉनसारखा वायु भरलेला असतो. तो पेटला कीं हजारों अँपिअरांचा लोंढा क्षणभर सहज वाहून नेतो. पण ही नळी जागी होण्यास किंचित् वेळ घेते. सावकाश चढणाऱ्या दाबाखालीं जी २३० व्होल्टांस पेटते, तीच लोंढ्याच्या झपाट्यापुढें दाब ६००–७०० व्होल्टांवर जाईपर्यंत पेटत नाहीं. रिलेस इतका उशीर चालत असे. सिलिकॉनच्या किल्लीस तो प्राणघातक होतो.

यावर दोन जलद रखवालदार निघाले. एक व्हॅरिस्टर : जपानांत मात्सुओका यांनीं १९७१ सालीं ज्याच्या गुणांविषयीं निबंध प्रसिद्ध केला, ती जस्ताच्या भस्माची भाजलेली चकती. दुसरा थायरिस्टर, म्हणजे सिलिकॉनच्याच थरांचें एक दार. या दोहोंतील भेद धरणाच्या उदाहरणानें चांगला कळतो. व्हॅरिस्टर हा सांडवा होय. पाणी पातळीवर चढलें कीं जादा तेवढें वाहून जातें, परंतु लोंढा मोठा असला तर पातळी सांडव्याच्याही बरीच वर चढते. थायरिस्टर हा दरवाजा होय. पातळीस पाणी लागलें कीं तो सताड उघडतो, व तारेवरील दाब दोन-चार व्होल्टांवर उतरतो. मग दरवाजा आपोआप मिटावा कसा? त्यांतून वाहणारा प्रवाह सुमारें १५० मिलिअँपिअरांच्या खालीं आला कीं तो मिटेल अशी योजना केलेली असते. एक्स्चेंजांत बॅटरीच्या वाटेवर सामान्यतः ४०० ओहमांचा अडथळा असतो. ५६ व्होल्टांस ४०० नें भागिलें तर १४० मिलिअँपिअर येतात. म्हणजे लोंढा ओसरला कीं एकट्या बॅटरीच्या बळावर दरवाजा उघडा राहूं शकत नाहीं.

सांडव्याची उंची किती ठेवावयाची, हाच या शास्त्रांतील खरा कौशल्याचा प्रश्न. ती रोजच्या पाण्याहून वर हवी, नाहींतर घंटा वाजली कीं रखवालदार तिलाच शत्रु समजून दाबून टाकील. आणि धरणाच्या माथ्याहून खालीं हवी, नाहींतर धरण फुटल्यावर दार उघडून उपयोग काय? अमेरिकेंत घंटेचा दाब जास्तींत जास्त १५० व्होल्टांपर्यंत धरतात; त्याचें शिखर २१२, त्यांत बॅटरीचे ५६ मिळविले कीं २६८ होतात. वरची हद्द ३५० ची. म्हणून या कामीं २७५ व्होल्टांपर्यंत स्वस्थ बसणारे व ३५० च्या आंत हटकून उघडणारे थायरिस्टर प्रचारांत आले. अवघ्या ७५ व्होल्टांची ही खिंड. पण तींतून सारी सुरक्षितता जाते. आपल्याकडील घंटेचा दाब कमी असल्यामुळें येथें खिंड अधिक रुंद आहे, हें आपलें भाग्य. किल्ली घेतांना ३५० ऐवजीं ४०० व्होल्टांची घेतली तर ती आणखी रुंद होते.

तथापि थायरिस्टर जलद असला तरी अंगानें लहान. मोठा लोंढा त्याच्या एकट्याच्या आवांक्यांतला नव्हे. वायुनळी सशक्त पण मंद. या दोघांची जोडी जमवावयाची तर मध्यें एक लहानसा अडथळा लागतो. समजा, दारापाशीं वायुनळी आहे, आंत थायरिस्टर आहे, आणि मध्यें १० ओहमांचा रोध आहे. लोंढा येतांच थायरिस्टर प्रथम उघडतो. प्रवाह चढत जाऊन ६० अँपिअर झाला कीं रोधाच्या दोन टोंकांमध्यें ६०० व्होल्टांचा फरक पडतो. तेवढ्यानें वायुनळी पेटते व पुढचा सारा भार आपल्या शिरावर घेते. आंतल्या चपळ पोऱ्यानें आरोळी ठोकावी व देवडीवरच्या दांडग्या गड्यानें उठावें, तसा हा प्रकार. एरव्हींच्या बोलण्यांत १० ओहमांचा अडथळा जाणवतही नाहीं. शिवाय याच वाटेवर फ्यूज, किंवा तापला कीं रोध वाढविणारा एक घटक बसवितात. तुटून पडलेल्या २३० व्होल्टांच्या तारेवर इलाज तोच, कारण मिनिटेंच्या मिनिटें वाहणाऱ्या प्रवाहानें रखवालदारच तापून आग लागण्याचें भय असतें.

येथवर नातवाची बाजू झाली, आतां आजोबांची. वर ज्या लोंढ्यास आम्हीं बाहेर लावून दिलें, तो अखेर जावयाचा कोठें? जमिनींत. ती वाटच नसेल तर देवडीवरची वायुनळी निव्वळ शोभेची वस्तु ठरते. वाट असूनही लांब असेल तर फारसा उपयोग नाहीं. सरळ तारेच्या एक मीटर लांबीस सुमारें एक मायक्रोहेन्री इतकें प्रवर्तन असतें. मायक्रोसेकंदास एक हजार अँपिअर या वेगानें प्रवाह चढला तर मीटरमागें १,००० व्होल्टांचा दाब उभा राहतो. अर्थिंगची तार पांच मीटर फिरवून नेली असेल तर ५,००० व्होल्ट त्या तारेवरच उभे राहिले! त्यांतून टेलिफोनचें अर्थिंग एका कोपऱ्यांत व घरगुती विजेचें दुसऱ्या कोपऱ्यांत असलें, तर दोहोंमधील दाबाचा फरक मोडेमाच्या अंगांतून वाट काढतो. कारण त्या बिचाऱ्याचा एक हात टेलिफोनच्या तारेंत व दुसरा विजेच्या खोबणींत असतो. म्हणून दोन्ही अर्थिंगें एका जागीं, आंखूड व सरळ तारेनें जोडलेलीं असावींत, हा या सर्व शास्त्राचा गृहस्थास उपयोगी असा सारांश आहे.

आपल्याकडे यांत ऋतुमानाची भर पडते. वळीव येतो तो नेमका जमीन सर्वांत कोरडी असतांना, आणि कोरड्या मुरुमांतून वीज जमिनींत उतरण्यास फार अडथळा होतो. अर्थिंगच्या खड्ड्यांत कोळसा व मीठ घालून वर पाणी ओतण्याची जी जुनी चाल आहे, तिच्या मुळाशीं हेंच कारण. ज्यांच्या वाड्यांत असा खड्डा आहे, त्यांनीं चैत्र-वैशाखांत त्यास पाणी देण्याचें विसरूं नये, व दोन-चार वर्षांनीं एकदां जाणत्या वायरमनकडून त्याचा रोध मोजून घ्यावा.

रखवालदारही अमर नव्हेत. व्हॅरिस्टर प्रत्येक लोंढ्याबरोबर थोडा थोडा क्षीण होतो. थायरिस्टर व चांगल्या बनावटीची वायुनळी अति भारानें निकामी झाल्या तर दोन्ही तारा जमिनीस जोडून मरतात; म्हणजे टेलिफोन बंद पडतो, पण पुढचा लोंढा घरांत शिरत नाहीं. अशा वेळीं तार तपासणाराचा दोष काढण्यापूर्वीं त्या मुक्या रखवालदाराचे आभार मानावेत, व नवा बसवून घ्यावा.

सारांश, यंत्रांतील संरक्षण खरें आहे, परंतु तें अर्थिंगच्या व योग्य मर्यादेच्या अटीवर. आणि जवळ पडलेल्या विजेपुढें तीही अट पुरेल असें कोणीं वचन देऊं नये. म्हणून ढग जमूं लागतांच, गडगडाट जवळ येण्यापूर्वीं, टेलिफोनची व विजेची अशा दोन्ही तारा यंत्रापासून काढाव्यात. वादळ डोक्यावर आल्यानंतर मात्र त्यांस हात लावूं नये, व तारेच्या टेलिफोनवर बोलूं नये. यंत्र जळालें तर नवें मिळतें. बोलणें निकडीचें असेल तर मोबाइल वापरावा. त्याला बाहेरून आलेली तार नाहीं. चमक व गडगडाट यांमधील सेकंदांस तिनानें भागिलें कीं विजेचें अंतर किलोमीटरांत कळतें. हा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊं द्यावा.

अलीकडे पुष्कळ घरांत तांब्याच्या तारेच्या जागीं काचतंतु आला आहे. काचेंतून वीज वाहत नाहीं, त्यामुळें त्या बाजूचें भय बहुतेक गेलें. तरी त्या पेटीचा दुसरा हात अजून विजेच्या खोबणींतच आहे, आणि तिच्यापासून संगणकापर्यंत गेलेली तार तांब्याचीच आहे. तेव्हां ज्यांच्या घरीं काचतंतु आला असेल त्यांनींही या वैशाखांत एकदां खाली वांकून आपलें अर्थिंग कोठें जातें तें पाहून घ्यावें, इतकीच आमची विनंति आहे.